जिथे अपमान झाला, तिथेच पाटी

ब्रिस्टल : पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना मी इथल्या बस स्थानकावर आवर्जून नेते. तिथली बस बहिष्काराची पाटी वाचून बहुतेकांच्या तोंडी एकच प्रश्न येतो, "वर्णभेद अमेरिकेत होता ना? इंग्लंडात कुठे?" रोझा पार्क्स आपल्याला शाळेपासून ठाऊक असतात, पॉल स्टीफनसन हे नाव कुणी ऐकलेलं नसतं. १९६३ साली या शहरातली बस कंपनी कृष्णवर्णीय किंवा आशियाई माणसाला ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घेत नव्हती, आणि त्यात बेकायदा असं काहीही नव्हतं. त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे युनियनच्या स्थानिक कामगारांनीच १९५५ मध्ये तसा ठराव केला होता. गिरणगावात वाढलेल्या मला हे पचवणं जड गेलं.

स्टीफनसन तेव्हा पंचविशीतले, तरुण मुलांमध्ये काम करणारे. गाय बेली या जमैकन मुलासाठी त्यांनी कंपनीत फोन करून मुलाखत ठरवली. मुलगा वेळेवर पोचला, त्याचा रंग दिसला आणि मुलाखत रद्द झाली. एप्रिलच्या अखेरीस स्टीफनसन, ओवेन हेन्री, रॉय हॅकेट आणि त्यांच्या सोबत्यांनी बसवर बहिष्कार पुकारला. एके काळचे वेस्ट इंडीजचे नामांकित क्रिकेटपटू लीअरी कॉन्स्टंटाइन तेव्हा त्रिनिदादचे उच्चायुक्त होते. तेही उघडपणे पाठीशी उभे राहिले.

माझ्या शेजारच्या बाई जमैकाच्या आहेत, ऐंशी कधीच ओलांडलेल्या. त्या काळात एका इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होत्या. पहाटे जुने बूट घालून निघायचं, कामाचे बूट पिशवीत, चढ संपला की बदलायचे. रिकामी बस शेजारी येऊन वेग कमी करायची, ड्रायव्हर बघायचा. "मी मान वळवून चालत राहायचे," हे सांगताना त्या आजही मान वळवून दाखवतात. चार महिने असं चाललं. २८ ऑगस्टला कंपनीने हार मानली. त्याच दिवशी तिकडे वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण झालं, म्हणून जगाचं लक्ष इकडे वळलंच नाही. १७ सप्टेंबरला पहिला गोरेतर कंडक्टर कामावर आला, तो रघबीर सिंग नावाचा शीख. भेदभावाविरुद्धचा कायदा १९६५ मध्ये झाला, नोकरी आणि घरं त्यात यायला १९६८ उजाडलं.

आता सन्मानाविषयी, कारण हे पत्र मी त्यासाठीच लिहायला घेतलं. २००७ मध्ये शहराने स्टीफनसन यांना मानद नागरिकत्व दिलं, असा मान मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय. २००९ मध्ये सरकारी किताब मिळाला, त्याच्या नावात अजून 'एम्पायर' आहे आणि ते मला मुळीच आवडत नाही. २०२० मध्ये एका रेल्वेगाडीला त्यांचं नाव दिलं गेलं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, सत्त्याऐंशीव्या वर्षी ते गेले. पण मला हेवा वाटतो तो दोनच गोष्टींचा. एक, पाटी बस स्थानकातच आहे, जिथे माणसं आजही बसची वाट बघत उभी असतात. दुसरी, ज्या युनियनने दार बंद केलं होतं, तिच्या वारस संघटनेने २०१३ मध्ये जाहीर माफी मागितली. पन्नास वर्षं उशिरा का होईना, मागितली.

शेजारच्या बाईंना मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चैत्यभूमीबद्दल सांगितलं. सहा डिसेंबर, शिवाजी पार्कवरचे पुस्तकांचे ठेले, पोटाला चिमटा घेऊन ग्रंथ विकत घेणारी माणसं, रात्रभर चालणारी भीमगीतं. त्या ऐकतच राहिल्या. "आमच्याकडे गाणं नाही," म्हणाल्या. खरंच नाही. इथला कार्यक्रम म्हणजे पन्नास खुर्च्या, चहा-बिस्कीट, मोजून टाळ्या. माझा जीव गुदमरतो. आणि ज्या शहरात स्टीफनसन यांनी हा लढा दिला, त्याच्या भर चौकात एडवर्ड कोल्स्टन या गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा १८९५ पासून उभा होता. २०२० मध्ये लोकांनी तो दोर लावून पाडला आणि बंदरात फेकला, तेव्हा कुठे तो हलला. नगरपालिकेला इतकी वर्षं ते जमलं नव्हतं, हे मी इथल्या मित्रांना तोंडावर सांगते.

बाईंना मी महाडच्या चवदार तळ्याबद्दलही सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "ते तळं ज्या गावात आहे, तिथला माणूस कोण?" मी सांगितलं : दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे. बाबासाहेबांना महाडला बोलावण्याची खटपट त्यांनी केली. बरोबर अनंतराव चित्रे होते, नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस होते. माझ्या पाहुण्यांना हाच प्रश्न मी विचारते तेव्हा बाबासाहेबांपुढे एकही नाव येत नाही. आपण एका माणसाला आभाळाएवढं करतो, ते योग्यच आहे. पण ज्यांनी गावोगाव पायपीट करून सभा उभी केली, त्यांना विसरलो की पुढच्या पिढीला वाटतं, अशी कामं फक्त महामानवच करतात. ब्रिस्टलमध्ये हॅकेट यांचं चित्र सेंट पॉल्स भागातल्या एका घराच्या अख्ख्या भिंतीवर आहे. शाळेत जाणारी पोरं रोज त्यांच्या डोळ्यांसमोरून जातात.

आणि माफीचं काय? महाडला २० मार्च १९२७ ला लोक तळ्यावर पाणी प्यायले, परतताना त्यांना मारहाण झाली, पुढे शेणगोमूत्राने तळ्याचं शुद्धीकरण झालं. तळं सर्वांना खुलं करण्याचा १९२४ चा स्वतःचाच ठराव नगरपालिकेने १९२७ च्याच ऑगस्टमध्ये मागे घेतला. हे कागदोपत्री आहे. जयंतीला हार घालायला सगळे पुढे असतात, पण ज्या कार्यालयाच्या शिक्क्याने दार बंद झालं, त्याने आज चार ओळी लिहाव्यात, हे मागण्याची आपल्याला सवयच नाही.

पुढच्या वर्षी, २०२७ मध्ये, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतील. मंडप, रोषणाई, नेत्यांची हेलिकॉप्टरं हे सगळं होणारच, होऊ दे. मला महाडच्या एसटी स्टँडवर एक पाटी हवी आहे : मोरे, चित्रे, टिपणीस आणि त्या दिवशी मार खाल्लेल्या जितक्या माणसांची नावं मिळतील तितकी. खाली १९२७ च्या त्या ठरावाबद्दल नगरपालिकेची दिलगिरी. आणि पाटीचा खर्च लोकवर्गणीतून नको, नगरपालिकेच्या तिजोरीतूनच व्हावा.