टेबलावर चालतं, विहिरीवर अडतं

शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून 2017च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा पथदर्शी प्रकल्प आपल्याच नगर जिल्ह्यात, राळेगणसिद्धीला झाला. तरी थ्री फेज लाईटची रात्रपाळी चुकलेली नाही. उसात बिबट्या असतो, बांधावर साप. म्हणून मोबाइल स्टार्टर आले. घरून फोन लावायचा, मोटर चालू.

राहुरीकडच्या अशाच एका स्टार्टरचा बोर्ड माझ्याकडे दुरुस्तीला आला. तक्रार एकच: "मोटर उचलती आन् लगेच पडती."

नगरच्या दुकानात मात्र तो शहाण्यासारखा वागला. पन्नास वेळा फोन लावला, पन्नास वेळा कॉन्टॅक्टर खट्कन बसला. शेवटी बोर्ड घेऊन विहिरीवर गेलो. तिथं तिसऱ्याच कॉलला दिवा विझला आणि बोर्ड पहिल्यापासून सुरू झाला. मल्टीमीटर काहीच सांगेना. बॅटरीवरचा ऑसिलोस्कोप लावला, तेव्हा 4 व्होल्टच्या सरळ रेषेत खोल खड्डा दिसला.

दुकानाजवळच टॉवर आहे, तिथं बोर्डावरच्या, फोन घेणाऱ्या जीएसएम मॉड्यूलचं हळू बोलून भागतं. शिवारात टॉवर लांब, म्हणून ते ओरडतं. सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ, पण 2 अँपिअरपर्यंत करंट ओढतं. नेमकी तेव्हाच रिले खेचली जाते, मोटर उचलताना लाईनचा दाबही पडतो. तिन्ही एकदम.

शेजारी उभ्या मालकांना हे समजावलं, तर ते हसले. "साहेब, पाटाची तीन दारं एकदम फोडली, तर शेवटच्या सरीला पानी जाईल का? बारी लावा."

तशी बारी लावली. आधी कॉल कट करायचा, सप्लाय सावरू द्यायचा, मग रिले ओढायची. मोटर वेगात आली की दहा सेकंदांनी मेसेज. मॉड्यूलच्या पिनांना खेटून 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला, म्हणजे त्याच्या उंबऱ्यापाशीच पाण्याची टाकी. बोर्ड कधी रीसेट झालाच, तर तिन्ही फेज तपासल्याशिवाय मोटरला हात लावायचा नाही, हेही प्रोग्रॅममध्ये घातलं. दोन फेजवर मोटर जळते.

तेव्हापासून दुरुस्त केलेला बोर्ड मी विहिरीवर चालवून बघितल्याशिवाय देत नाही.

त्या रात्री मालकांनी घरातूनच मोटर लावली. दारं धरायला मात्र बॅटरी घेऊन त्यांना जावंच लागलं.