स्वमग्न मुलाचें घर

कांहीं वर्षांपूर्वीं, मी दुसऱ्या एका शाळेंत असतांना, माझ्या वर्गांत एक विद्यार्थी होता. अभ्यासांत बरा, स्वभावानें शांत. परंतु दर मंगळवारीं व शुक्रवारीं तो प्रार्थनेची घंटा होऊन गेल्यावर येई. मीं त्यास दोनदां ताकीद दिली व तिसऱ्या वेळीं वर्गाबाहेर उभें केलें. त्यानें कारण सांगितलें नाहीं व मींहि विचारलें नाहीं. सहलीची वर्गणी त्यानें भरली नाहीं, स्नेहसंमेलनास त्याच्या घरचें कोणी आलें नाहीं. तेव्हां घरचीं माणसें बेफिकीर असावींत, असा मीं मनाशीं निकाल करून टाकला. पुढें एकदां त्याच्या घरीं जाण्याचा प्रसंग आला आणि सर्व उलगडा झाला. त्याचा धाकटा भाऊ स्वमग्न होता. आठवड्यांतून दोन दिवस आई त्या मुलास घेऊन पहांटेच्या एस्. टी. नें पुण्यास जाई, आणि त्या दिवशीं घरचें पाणी भरून व वडिलांचा डबा तयार करून मग हा मुलगा शाळेची वाट धरी. त्या संध्याकाळीं परततांना मला माझी फार लाज वाटली. त्या घरापासून जें शिकलों, तें आपल्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें म्हणून हा लेख लिहीत आहें.

स्वमग्नता, जिला डॉक्टर ऑटिझम म्हणतात, ती म्हणजे वेड नव्हे, आणि एकापासून दुसऱ्यास लागणारा रोगहि नव्हे. अशा मुलाच्या मेंदूची वाढ प्रथमपासूनच निराळ्या रीतीनें होत असते. नांवानें हाक मारली तरी वळून न पाहणें, नजरेस नजर न देणें, बोलणें उशिरा येणें किंवा मुळींच न येणें, एकच हालचाल पुन्हां पुन्हां करणें, नित्यक्रमांत थोडा फरक पडला तरी अतिशय बेचैन होणें, हीं त्याचीं ठळक लक्षणें होत. कुकरची शिटी किंवा लग्नांतला बँड आपणांस नुसता मोठा वाटतो. त्या मुलास तो असह्य होतो, म्हणून तें कानांवर हात ठेवून किंचाळतें. एखादें मूल आगगाड्यांचें वेळापत्रक तोंडपाठ म्हणतें. दुसऱ्यास सदऱ्याचीं बटणें लावावयास दहाव्या वर्षींहि मदत लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत सुमारें १२७ माणसांमागें एक मनुष्य स्वमग्न होता. ह्या मानानें एक लक्ष वस्तीच्या शहरांत अशीं सातशेंहून अधिक माणसें असावयाचीं. तीं आपणांस दिसत नाहींत, ह्याचा अर्थ तीं नाहींत असा नसून तीं घरांत आहेत, असा आहे.

तीं घरांत कां राहिलीं, हें समजण्यास थोडा इतिहास पाहिला पाहिजे. अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर ह्यांनीं १९४३ सालीं अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें, व तेव्हांपासून ह्या अवस्थेस वैद्यकांत स्वतंत्र स्थान मिळालें. परंतु पुढें कित्येक वर्षें असें मानीत कीं, आईची माया थंड असल्यामुळें मूल असें होतें. १९६४ सालीं बर्नार्ड रिमलंड ह्या मानसशास्त्रज्ञानें, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता, ह्या समजुतीचें खंडन करून हा दोष मायेचा नसून मूळ कारण शरीरांत आहे असें प्रतिपादिलें. आणि आज तेंच मत सर्वमान्य आहे. पुढें १९९८ सालीं गोवर, गालगुंड व रुबेला ह्यांवरील लसीकडे बोट दाखविणारा एक लेख 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकानें छापला. तो निराधार ठरून २०१० सालीं मागें घेण्यांत आला. शास्त्रानें आपली चूक सुधारली, पण आपल्या ओसरीवरील न्यायासन अजून उठलेलें नाहीं. तेथें कोणी पूर्वजन्मींचें पाप काढतो, कोणी ग्रहणांत विळी हातीं धरली म्हणतो, तर कोणी आईच्या नोकरीस दोष देतो. हा दोष ऐकतां ऐकतां आईबाप मूल लपवूं लागतात, अंगारे-धुपारे व खात्रीच्या इलाजाचीं औषधें ह्यांत पैसा घालवितात, आणि लहानपणाचीं जीं वर्षें शिकवणुकीस सर्वांत मोलाचीं, तींच निघून जातात.

आतां खर्चाचें स्वरूप पाहूं. हाड मोडलें, प्लास्टर बांधलें, दोन महिन्यांनीं हिशेब मिटला, असें येथें होत नाहीं. स्वमग्नता नाहींशी करणारें औषध नाहीं. मुलास बोलावयास, आपल्या हातानें जेवावयास, रांगेंत उभें राहावयास थोडें थोडें शिकवावें लागतें, व तें वर्षानुवर्षें. त्यासाठीं स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी व विशेष शिक्षण ह्यांच्या बैठका असतात. एका बैठकीस पांचशें रुपये व आठवड्यास तीन बैठका असें धरलें, तरी महिन्याचे सहा हजार रुपये होतात. शिवाय हे तज्ज्ञ बहुतेक मोठ्या शहरांत. म्हणून तालुक्याच्या गांवच्या माणसास एस्. टी. चें भाडें व एका दिवसाची बुडालेली मजुरी वेगळी मोजावी लागते.

तथापि सर्वांत मोठा खर्च घरच्या वहींत कोठेंच लिहिलेला नसतो. तो म्हणजे न मिळालेला पगार. मुलाजवळ सतत कोणी तरी हवें, म्हणून बहुधा आई नोकरी सोडते. शिवणकामावर चार पैसे मिळविणाऱ्या बाईचें यंत्रहि बंद पडतें. बाप बढती नाकारतो, कारण बढतीबरोबर बदली येते आणि नव्या गांवीं मुलाची शाळा मिळेल असा भरंवसा नसतो. दिव्यांग मुलाचा सांभाळ करणाऱ्या केंद्र सरकारच्या नोकरास नेहमींच्या बदलींतून सूट मिळावी असा आदेश २०१४ सालीं निघाला. परंतु दुकानांत काम करणाऱ्यास किंवा शेतमजुरास त्याचा काय उपयोग? अशा रीतीनें घरांतील एक मिळकत जाते व एक खर्च वाढतो. मग इतर भावंडांची सहल, शिकवणी, नवे बूट, ह्यांवर प्रथम काट बसते.

पैशाच्या जोडीस एकाकीपण येतें. एस्. टी. त मूल किंचाळलें कीं "पोराला वळण नाहीं" असा शेरा पडतो. घरमालक जागा सोडावयास सांगतो. लग्नकार्यास बोलावणें येतें, पण "त्याला कोणाजवळ तरी ठेवून या" असें पुस्ती जोडून येतें. अर्थात् आई जात नाहीं. थोरल्या बहिणीच्या लग्नाची बोलणीं चालू असतां धाकट्या भावास आंतल्या खोलींत बसवितात. आणि रात्रीं दिवा मालवल्यावर आईबापांपुढें एकच प्रश्न उभा राहतो, "आमच्यामागें ह्याचें कोण?"

ह्या दोन अडचणी आपण निरनिराळ्या समजतों. वस्तुतः त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. शेजारीं मुलाजवळ तासभर बसणारें माणूस नाहीं, म्हणून आईचें काम सुटलें. जवळच्या शाळेनें दार लावलें, म्हणून दूरच्या शाळेची फी व रोजचें रिक्षाभाडें आलें. लोक दोष देतील ह्या भीतीनें तपासणी लांबली, म्हणून उपचार वाढले. तेव्हां त्या घराच्या जमाखर्चांत आपल्या वागणुकीचाहि एक रकाना आहे, हें आपण ओळखलें पाहिजे.

सरकारी मदत अगदींच नाहीं असें नव्हे. व ती मिळविण्याचें पुष्कळसें श्रेय आईबापांकडेच जातें. श्रीमती मेरी बरुआ ह्या स्वमग्न मुलाच्या आईनें १९९१ सालीं दिल्लीस 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था काढली. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यांत स्वमग्नतेचें नांवहि नव्हतें. तें १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यांत आलें, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांतील २१ प्रकारांत त्याची गणना झाली. ह्या शेवटच्या कायद्यान्वयें ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलास वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेंत किंवा पसंतीच्या विशेष शाळेंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' विमा योजनेंत वर्षास एक लाख रुपयांपर्यंत वैद्यकीय खर्चाची तरतूद आहे. मात्र खर्च आधीं करावा लागतो व भरपाई मागाहून मिळते. मूल अठरा वर्षांचें झालें कीं आईबाप कायद्यानें त्याचे पालक राहत नाहींत. तेव्हां १९९९ च्या कायद्याप्रमाणें जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व नेमून घ्यावें लागतें. ह्या बहुतेक सवलतींची किल्ली म्हणजे दिव्यांगत्वाचा दाखला, व तो वेळींच काढावा. ज्यांच्या लहान मुलाच्या बोलण्या-वागण्याविषयीं शंका असेल, त्यांनीं अंगणवाडींत किंवा शाळेंत तपासणीस येणाऱ्या डॉक्टरांस निःसंकोच विचारावें. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत ही तपासणी विनामूल्य होते.

परंतु कायदा शेजारीं येऊन बसत नाहीं. तें काम आपलें आहे. विद्यार्थिमित्रांनो, अशा मुलाची नक्कल करूं नका. त्याच्याशीं थोडक्या व सोप्या शब्दांत बोला, व उत्तरास वेळ द्या. तें खेळांत आलें नाहीं तरी त्यास बोलावीत जा. तुमच्या वर्गांत त्याचा भाऊ किंवा बहीण असेल, तर तिच्या घरीं जा. घरीं कोणी येत नाहीं हेंच तिचें मोठें दुःख असतें. पालकहो, बोलावणें करतांना मुलासकट करा, आणि तेथें एखादी शांत खोली मोकळी ठेवा. आठवड्यांतून एक तास त्या आईस मोकळा करून द्या. सल्ला मागितल्यावांचून देऊं नका. तो तिच्यापाशीं हवा त्याहून अधिक सांचलेला असतो.

त्या विद्यार्थ्याच्या बाबतींत माझ्याकडून फारसें कांहीं झालें नाहीं. मुख्याध्यापकांस सांगून मीं त्याचा दोन दिवसांचा उशीर माफ करविला, व सर्व वर्गासमक्ष त्यास उभें केलें होतें म्हणून सर्व वर्गासमक्षच त्याची क्षमा मागितली. पुढल्या आठवड्यापासून त्याच्या आळींतले दोन वर्गमित्र त्या दिवशीं सकाळीं त्याच्याकडे पाणी भरावयास जाऊं लागले. त्यांस कोणी सांगितलें नव्हतें. मंगळवारीं तिघे बरोबरच वर्गांत आले, आणि घंटा अजून व्हावयाची होती.

— एक शिक्षक