पैसे नोंदींचे मिळतात, कॉम्प्युटरचे नाही

तालुक्याच्या गावात छोटी पॅथॉलॉजी लॅब चालवणाऱ्यांसमोर डिजिटल अनुदानाचा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला: कॉम्प्युटरला किती देतात? राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या, जानेवारी २०२३ पासूनच्या डिजिटल आरोग्य प्रोत्साहन योजनेत यंत्रखरेदीला पैसे नाहीत. ते मिळतात रुग्णाच्या आभा क्रमांकाला जोडलेल्या रिपोर्टवर, तेही ठरावीक संख्येपुढच्या. योजना आली तेव्हा लॅबसाठी ही मर्यादा महिन्याला ५०० होती आणि त्यापुढच्या प्रत्येक नोंदीला १५ रुपये. म्हणजे ७०० रिपोर्ट जोडले तर ३,००० रुपये. रविवार सोडून रोज वीसेक रिपोर्ट जोडल्याशिवाय पहिला रुपयाही नाही. लहान लॅबसाठी ही अट फार कडक आहे, ती शिथिल व्हायलाच हवी.

योजना फक्त मोठ्या हॉस्पिटलांची, हेही खरं नाही. दवाखाने आणि लॅबही तिच्यात येतात. मात्र आरोग्य संस्थांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नाव हवं आणि सॉफ्टवेअर आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी जोडलेलं हवं.

सगळ्यात जास्त घोळ आभा आणि आयुष्मान कार्डाचा होतो. आभा काढलं म्हणजे पाच लाखांचा विमा झाला, असं कित्येक जण धरून चालतात. आभा हा नुसता १४ अंकी ओळख क्रमांक आहे, तोही ऐच्छिक. पाच लाखांपर्यंतचे उपचार आयुष्मान कार्डावर, प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेतल्या पात्र कुटुंबांना मिळतात. आभाला जोडलेले रिपोर्ट सरकारच्या एका मोठ्या साठ्यात जाऊन पडतात, ही भीतीही निराधार आहे. रिपोर्ट राहतो लॅबच्याच यंत्रणेत आणि दुसऱ्या डॉक्टरला दिसतो तो रुग्णाने संमती दिल्यावर.

खरी अडचण काउंटरवर आहे. आजींचं आभा आधारवरून काढायचं, तर ओटीपी जातो पुण्यात कामाला असलेल्या मुलाच्या मोबाइलवर. त्याला फोन लावायचा, तो उचलेपर्यंत थांबायचं, आकडे विचारून घ्यायचे. मागे उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग खोळंबलेली. रक्त घेणारा, तपासणारा आणि रिपोर्ट टाइप करणारा टेक्निशियन एकच. त्याच्या जोडीला माणूस हवा, प्रशिक्षण हवं. हा खर्च आधी येतो, प्रोत्साहनाचे पैसे नंतर. म्हणून सॉफ्टवेअर घेण्याआधी विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा: बोटाच्या ठशावर आभा काढता येतं का, आणि नेट गेल्यावर नोंदीचं काय होतं?