दाराआडचा कोळी

मुलांनो, कोळी म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? घराच्या कोपऱ्यातील जाळे आणि त्यात अडकलेली माशी! पण सगळेच कोळी जाळे विणत नाहीत. काही कोळी जमिनीवर राहतात, तर काही जमिनीच्या पोटात.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जंगलांचे जिल्हे. ताडोबाच्या जंगलात वाघ पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येतात. पायाखालच्या पालापाचोळ्याकडे मात्र कोणी पाहत नाही. तेथे लांडगा-कोळी धावत जाऊन किडे पकडतो. रात्री विजेरीच्या उजेडात त्याचे डोळे चमकतात. मादी अंड्यांची पिशवी बरोबर घेऊन फिरते. पिल्ले बाहेर आली की त्यांना पाठीवर बसवते.

याहून नवल माथेरानच्या कोळ्याचे! 'हॅप्लोक्लास्टस व्हॅलिडस' हे त्याचे शास्त्रीय नाव. पोकॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा केसाळ कोळी जमिनीत बीळ करतो, त्याला आतून रेशमाचे अस्तर लावतो आणि तोंडावर रेशीम व माती यांचे झाकण बसवतो. झाकण मिटले की बीळ ओळखूसुद्धा येत नाही. असे दार करणारे कोळी दाराआड दबा धरून बसतात. जमीन थरथरली की किडा जवळ आल्याचे त्यांना समजते. मग ते झेप घेतात.

बिळात राहणाऱ्या अनेक जाती थोड्याच भागात का सापडतात? जाळे विणणाऱ्या पुष्कळ कोळ्यांची पिल्ले रेशमाच्या धाग्यावर वाऱ्याबरोबर दूर जातात. बिळातल्या कोळ्यांची पिल्ले बहुधा चालत जातात आणि आईच्या जवळपासच आपले बीळ करतात. मादी तर सारा जन्म एकाच बिळात काढते. ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन या विदुषींनी १९७४ साली अशा बिळांची पाहणी सुरू केली. त्यांतील १६ क्रमांकाची मादी तब्बल ४३ वर्षे जगली! २०१६ साली तिच्या दाराला गांधीलमाशीने पाडलेले छिद्र दिसले आणि ती नाहीशी झाली होती.

आता विचार करा. ज्याचे घर एकच आणि ज्याला दूर जाता येत नाही, त्याची जमीन खणली तर तो कोठे जाईल? मोहफुले वेचण्यासाठी जंगलात पाला जाळतात. त्या आगीत पाल्यातील किडे मरतात. मग कोळ्याने खावे काय? आणि कोळी नाहीसे झाले, तर किड्यांना आवर कोण घालणार?

मुंबईसारख्या शहरातील आरे वसाहतीतही २०१४ साली जमिनीवर राहणाऱ्या केसाळ कोळ्याच्या एका नव्या जातीची नोंद झाली. तिला आरेचेच नाव मिळाले. शहरात असे घडते, तर विदर्भाच्या एवढ्या मोठ्या जंगलात काय काय दडले असेल!

म्हणून जंगलात गेलात, तर खालीही पाहा. बिळात काडी किंवा बोट घालू नका. दाराआड कोणाचे तरी घर आहे, हे विसरू नका.

स्वाध्याय
१. लांडगा-कोळ्याची मादी पिल्लांची काळजी कशी घेते?
२. माथेरानच्या कोळ्याचे बीळ सहज का दिसत नाही?
३. बिळात राहणाऱ्या कोळ्यांच्या अनेक जाती थोड्याच भागात का सापडतात?
४. 'दबा धरून बसणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.