आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे

एफआयआर म्हणजे दखलपात्र गुन्ह्याची पोलिसांनी नोंदवून घेतलेली पहिली खबर. तिच्यात नाव आले म्हणजे गुन्हा शाबीत झाला, ही समजूत चुकीची आहे. तपास संपल्यावर दाखल होणारे दोषारोपपत्र हेसुद्धा पोलिसांचे म्हणणेच असते. ते सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते. तोवर आरोपी कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असतो.

सर्वांत जास्त गोंधळ ‘कोठडी’ या शब्दाचा होतो. पोलीस कोठडीत आरोपी चौकशीसाठी पोलिसांच्या ताब्यात असतो आणि सर्वसाधारण गुन्ह्यांत ती एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. न्यायालयीन कोठडीत त्याची रवानगी तुरुंगात होते. ‘न्यायालयीन कोठडी सुनावली’ अशी बातमी वाचून शिक्षा झाली असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तेव्हा खटला सुरूही झालेला नसतो.

अटकेनंतर, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याचे बंधन राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्येच आहे. रिमांडच्या (कोठडी मागण्याच्या) वेळी दंडाधिकारी आरोपीला विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ शेजारी पोलीस उभे असल्याने अनेक जण नुसती मान हलवून ‘नाही’ म्हणतात. पण अंगावरचे वळ दाखवायचे ते तिथेच. तक्रार केली, तर ती नोंदवून वैद्यकीय तपासणीचा आदेश देता येतो.

‘पोलिसांपुढे कबुली दिली, आता सुटका नाही,’ हेही खरे नाही. पोलिसांना दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. तिच्या आधारे एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंधित भागच ग्राह्य धरला जातो.

जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. तारखेला हजर राहण्याच्या हमीवर मिळालेली ती तात्पुरती मोकळीक असते. दोषारोपपत्र ६० दिवसांत, आणि मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत दाखल झाले नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क ठरतो. मात्र दोषारोपपत्र येण्याआधीच तो मागावा लागतो. या मुदती माहीत नसल्याने गरीब माणूस तुरुंगात खितपत पडतो, हे फार वाईट आहे.

वकील परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. कोठडीत असलेल्या व्यक्तीला तिथे मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.