कमिशन देणारा पैसा येतो कुठून?

घरबसल्या कमाई : खरी वाट, खोटी वाट
लेखांक सहावा

अफिलिएट मार्केटिंगचं मूळ सूत्र आपण मागच्या आठवड्यात पाहिलं. वस्तू कंपनीची, शिफारस आपली. आपल्या लिंकवरून कुणी ती विकत घेतली की कंपनी आपल्याला कमिशन देते. अ‍ॅमेझॉनने १९९६ मध्ये आपला ‘असोसिएट्स’ प्रोग्रॅम सुरू केला तेव्हापासून हे सूत्र जगभर रुळलं आहे. त्यात लबाडी काही नाही. मात्र हेच नाव लावून लबाडीचे धंदेही चालतात आणि दोन्हींची जाहिरात दिसायला सारखीच असते. म्हणून आजचा विषय, नाव नोंदवावं असा प्रोग्रॅम पारखायचा कसा.

पहिली परीक्षा सर्वांत महत्त्वाची. तुम्हाला मिळणारं कमिशन शेवटी कुणाच्या खिशातून येतं? एखाद्या गृहिणीला मिक्सर हवा होता, तुमचा लेख वाचून तिने तो घेतला आणि दुकानदाराने आपल्या नफ्यातला वाटा तुम्हाला दिला, तर तो व्यापार झाला. पण तुमच्यानंतर सामील होणाऱ्यांनी भरलेल्या प्रवेश फीमधून तुमचं कमिशन निघत असेल, तर तिथे व्यापार नाही, साखळी आहे. साखळीत शेवटच्या माणसाचं नुकसान ठरलेलंच असतं.

याचं ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. ‘माय ऑनलाइन बिझनेस एज्युकेशन’ ही कंपनी ४९ डॉलरमध्ये २१ पायऱ्यांचा एक अभ्यासक्रम विकत असे. ऑनलाइन धंदा उभारण्याची सिद्ध पद्धत यात शिकवतो, असा तिचा दावा होता. आत शिरल्यावर हजारो डॉलरच्या सदस्यत्वांचा आग्रह सुरू व्हायचा. सर्वांत महागडं सदस्यत्व जवळपास ६० हजार डॉलरचं होतं. आणि शिकवलेली कमाईची पद्धत कोणती? हीच सदस्यत्वं आणखी लोकांना विकून कमिशन मिळवायचं! जून २०१८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने न्यायालयात जाऊन हा प्रकार थांबवला. ग्राहकांचे साडेबारा कोटी डॉलरहून अधिक बुडाल्याचं कमिशनचं म्हणणं होतं. परत मिळाली ती त्यातली थोडीच रक्कम.

आपल्याकडेही याच साच्याचे ‘कोर्स’ विकले जातात. कॉलेजात शिकणारी मुलं उसने पैसे घेऊन ते विकत घेतात आणि मग तोच कोर्स मित्रांच्या, नातेवाइकांच्या गळ्यात मारतात. पैसे तर जातातच, माणसंही दुरावतात. अशा ठिकाणी विचारायचा प्रश्न सरळ आहे. पुढे कमिशन मिळण्याची आशा काढून टाकली, तरी ही वस्तू या किमतीला कुणी घेईल का? उत्तर ‘नाही’ असेल तर तिथून निघावं. भारतात पैसे फिरवणाऱ्या साखळी योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे नियम आले, त्यांतही पिरॅमिड योजनांना स्पष्ट मनाई आहे. ‘अफिलिएट’ हे नाव दिल्याने मनाई टळत नाही.

दुसरी परीक्षा, पैसा कोणत्या दिशेने वाहतो. दुकानांच्या चांगल्या अफिलिएट प्रोग्रॅममध्ये नाव नोंदवायला फी नसते. अ‍ॅमेझॉनच्या नियमांनुसार तर तुम्ही स्वतःच्या लिंकवरून केलेल्या खरेदीवर कमिशन मिळतच नाही. खोट्या योजनेत नेमकं उलट असतं. तिथे पहिली खरेदी तुम्हीच करायची असते. करांचंही तसंच. खरी कंपनी देय रकमेतून टीडीएस कापून उरलेले पैसे खात्यात जमा करते. भारतात कमिशनवरच्या या कपातीचा दर ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला आहे. ‘तुमचे चाळीस हजार तयार आहेत, आधी कर भरा म्हणजे मोकळे करतो’ असं कुणी म्हणालं, तर ती फसवणूक आहे. टेलिग्रामवर ‘टास्क’ देणाऱ्या टोळ्या असंच करतात. सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरोखर खात्यात येतात, विश्वास बसतो, आणि मग भरणा करायला सांगितलं जातं. असं घडलंच तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

या दोन परीक्षांत उतरलेला प्रोग्रॅम प्रामाणिक असू शकतो. पण तो तुमच्या उपयोगाचा आहे का, हे करारावरून कळतं. करार लांबलचक असतो, तरी चार गोष्टी शोधून वाचाच.

एक, कुकीची मुदत. वाचकाने लिंक दाबल्यानंतर किती काळात खरेदी केली तर ती तुमच्या नावावर लागेल, हे ही मुदत ठरवते. अ‍ॅमेझॉनवर ती साधारणपणे २४ तास आहे. इतर अनेक ठिकाणी ३० दिवस असते. फ्रिज घ्यायचा तर घरात आठवडाभर चर्चा होते, आणि तेवढ्यात २४ तासांची मुदत संपून जाते. दोन, पैसे केव्हा मिळतात. वस्तू परत येण्याची मुदत उलटेपर्यंत कमिशन रोखून धरणं रास्त आहे, त्यामुळे दोन महिने थांबावं लागलं तर घाबरू नये. मात्र ‘कमिशन रद्द करण्याचा अधिकार कंपनीकडे, कारण सांगणार नाही’ असं कलम दिसलं तर सावध व्हा. तीन, किमान रक्कम. ती इतकी मोठी नसावी की तुमची कमाई वर्षभर तिथेच अडकून राहील. चार, दर बदलण्याचा अधिकार. तो बहुतेक कंपन्या स्वतःकडे ठेवतात आणि वापरतातही. एप्रिल २०२० मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत फर्निचरवरचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणलं. ज्यांची सगळी कमाई त्या एकाच दरावर उभी होती, त्यांच्या उत्पन्नाला एका फटक्यात मोठी कात्री लागली. म्हणून प्रोग्रॅम कितीही चांगला असो, सगळा भार एकावर टाकू नये.

कंपनी अनोळखी असेल तर तिची चौकशी घरबसल्या होते. तिचा जीएसटी क्रमांक मागा आणि जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तपासा. तिथे नोंदणीचं नाव आणि ती चालू आहे की रद्द झाली, हे फुकट दिसतं. क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि त्याचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात. महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. पुण्यातली कंपनी म्हणवणाऱ्याने दिलेल्या क्रमांकाची सुरुवात भलत्याच आकड्यांनी होत असेल, तर खुलासा मागायला संकोचू नका. छोट्या कंपन्यांच्या बाबतीत थेट नाव नोंदवण्यापेक्षा मधल्या नेटवर्कमार्फत जाणं अधिक सुरक्षित असतं. आविन, सीजे किंवा आपल्याकडचं क्यूलिंक्स यांसारखी नेटवर्कं विक्रीची नोंद ठेवतात आणि पैसे वळते करतात. सीजेवर तर दर शंभर क्लिकमागे सरासरी किती कमाई झाली, हा आकडा सामील होण्याआधीच पाहता येतो. जाहिरातीतल्या ‘४० टक्के कमिशन’पेक्षा तो आकडा जास्त खरं सांगतो. ४० टक्के कमिशनची वस्तू कुणी घेतच नसेल, तर त्या टक्क्यांना अर्थ नाही.

शेवटची परीक्षा वस्तूची, आणि काही अंशी आपलीही. जी वस्तू आपण बहिणीला घ्यायला सांगणार नाही, तिची लिंक वाचकांना देऊ नये. कमिशन मिळतं हेही लपवू नये. तो सभ्यतेचा भाग आहे आणि कायद्याचाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२२ मध्ये आली. जानेवारी २०२३ च्या सूचनांनुसार आर्थिक संबंध ठळकपणे, आणि ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत, सांगावा लागतो. शिफारस मराठीत असेल तर खुलासाही मराठीतच हवा. ‘या लिंकवरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळतं’ हे एक वाक्य पुरेसं आहे. दिशाभूल करणाऱ्याला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुढे ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

या आठवड्यात एवढं करा. तुम्हाला आवडलेला एखादा प्रोग्रॅम निवडा, त्याचा करार उघडा आणि चार उत्तरं कागदावर लिहा. पैसा कुणाचा, कुकीची मुदत किती, पैसे केव्हा आणि किमान किती झाल्यावर मिळणार, दर कुणाच्या हातात. यातलं एकही उत्तर करारात सापडलं नाही आणि विचारूनही मिळालं नाही, तर त्या कंपनीला नाव आणि बँक खात्याचा तपशील देऊ नका. चांगले प्रोग्रॅम पुष्कळ आहेत, घाई कसलीच नाही.

(पुढील लेखांकात : कमिशनची कमाई, प्राप्तिकर आणि जीएसटी)