हॅम रेडिओ आणि सीबी : आमचे दोन छंद

आमच्या घरी मेजावर दोन रेडिओ शेजारी शेजारी असतात. एकावर जपान बोलते, दुसऱ्यावर गावाच्या टोकाला राहणारे काका. पाहुणे विचारतात, "गुरुजी, दोन कशाला?"

पहिला हॅम रेडिओ. परीक्षा द्यावी, मग परवाना आणि हाकेचे चिन्ह मिळते. इंग्रजांच्या काळी आमच्या बेटाचे चिन्ह व्हीक्यू-८ होते. आता मॉरिशसचे ३बी८ आणि रॉड्रिग्जचे ३बी९. बेट लहान, म्हणून परदेशी हॅमना आमचे फार अप्रूप. एक हाक दिली की वीसजण एकदम ओरडतात! पण बोलणे किती? "आवाज ५९, धन्यवाद, ७३." ७३ म्हणजे शुभेच्छा. संपले. पुढे कधीतरी टपालाने कार्ड येते.

दुसरा सिटिझन्स बँड, म्हणजे सीबी. २७ मेगाहर्ट्झ, बहुतेक ४० चॅनेल, साध्या संचाला ४ वॅट. परीक्षा नाही. (परवान्याचे नियम देशोदेशी निराळे असतात; संच घेण्याआधी चौकशी करावी.) अमेरिकेत हा बँड १९५८ मध्ये खुला झाला आणि १९७३ च्या तेलटंचाईनंतर ट्रकचालकांनी तो घरोघरी नेला. आवाज काही किलोमीटर जातो, मध्ये डोंगर आला की अडतो.

हॅमची परीक्षा पास झाल्यावर आम्हांला थोडा गर्व झाला, हे कबूल केले पाहिजे. काही हॅम सीबीवाल्यांना पोरकट समजतात. आम्हीही सीबीचा संच कपाटात टाकला. वर्षभराने गणेश चतुर्थीला काका भेटले. म्हणाले, "काय गुरुजी, परीक्षा पास झालात आणि मुके झालात?"

आम्ही खाली पाहिले. आमच्या घरात मुले दिवसभर क्रेओल बोलतात. संध्याकाळी तासभर पावसाची, उसाची आणि गुडघेदुखीची चर्चा मराठीत होत असे, ती त्याच संचावर. जपानशी बोलण्याच्या नादात आम्ही ती बंद केली होती. त्याच रात्री संच कपाटातून काढला.

खरे तर दोघांत अंतर फार नाही. हॅमचा १० मीटर बँड २८ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो, सीबीच्या अगदी वर. पाव तरंगलांबीची सीबीची उभी तार सुमारे २.६ मीटर असते. ती १२ सेंटिमीटर कमी केली की १० मीटरला चालते. शाळेतल्या मुलांना आम्ही हे फूटपट्टीने मोजून दाखवतो.

आकाशही दोघांना एकच. साधारण ११ वर्षांनी सूर्यावरचे डाग वाढतात, तेव्हा वरच्या वातावरणावरून परतून या लहरी हजारो किलोमीटर जातात. २०२४ मध्ये डाग भरात होते. आमचा १० मीटर बँड गजबजला, आणि सीबीवरही परके आवाज घुसले. काका पायाच्या दुखण्याचे सांगत होते, मध्येच कोणीतरी अनोळखी भाषेत बोलू लागला. काका चिडून म्हणाले, "गुरुजी, तुम्ही परीक्षा पास आहात ना? मग सांगा त्याला, आधी आम्ही बोलत होतो!"